कुलूप शाबूत, गुपित मात्र बाहेर

कुलूप भक्कम असले म्हणजे घर सुरक्षित, अशी आपली जुनी आणि साधी समजूत आहे. चोर आलाच तर तो कुलूप फोडील, नाही तर किल्ली पळवील. तिसरा मार्ग सहसा आपल्या मनात येत नाही. परंतु असा एक चोर कल्पावा, की जो कुलपाला हात लावीत नाही, किल्लीही चोरीत नाही. तो दाराबाहेर स्वस्थ उभा राहतो, आत किल्ली फिरतानाचा आवाज तेवढा कान देऊन ऐकतो, आणि घरी जाऊन हुबेहूब तशीच किल्ली घडवितो. ही गोष्ट कोणास परीकथेतील वाटेल. तथापि रेहोवोत, हैफा आणि तेल अवीव येथील विद्वानांनी २०१३ साली ती प्रत्यक्ष करून दाखविली. त्यांनी ऐकलेले कुलूप लोखंडाचे नव्हते. ते संगणकातील गुप्तलेखनाचे होते.

हा विषय शास्त्रज्ञांचा आहे, असे मानून वाचकांनी पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे. लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा किंवा दिमोना येथील आपल्या कोणत्याही घरात पाहावे. बँकेचे व्यवहार, कुपत होलिमकडून येणारे तपासणीचे निकाल, मुंबई-ठाण्याच्या नातलगांशी होणारे बोलणे, नातवंडांची छायाचित्रे, हे सारे आज मोबाईलमधून जाते-येते, आणि वाटेत ते गुप्तलेखनाच्या पेटीत बंद असते. ही पेटी डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती कोठून गळते आणि ती गळती बुजविण्याचे काम कोण करते, हे जाणून घेणे आपल्या हिताचे आहे.

गणित अभेद्य, यंत्र बोलके

आजच्या गुप्तलेखनाचा एक मोठा आधारस्तंभ १९७७ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत उभा राहिला. रिव्हेस्ट, शामीर आणि अॅडलमन या तिघांनी तो उभारला, आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यास आर. एस. ए. असे नाव पडले. यांपैकी आदी शामीर हे मूळचे तेल अवीवचे. पुढे ते रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत प्राध्यापक झाले. त्यांच्या युक्तीचे मर्म शाळकरी मुलासही सांगता येईल. ५३ आणि ७१ यांचा गुणाकार कागदावर चटकन होतो. उत्तर येते ३७६३. पण कोणी केवळ ३७६३ ही संख्या पुढे ठेवून, ही कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून निघाली, असे विचारले, तर डोके खाजवावे लागते. संख्या चार अंकांऐवजी शेकडो अंकांची घेतली, की हे डोके खाजविणे जगातील यंत्रांच्याही आवाक्याबाहेर जाते. २०२० साली २५० अंकी अशी एक संख्या फोडण्यात संशोधकांना यश आले, तेव्हा त्यासाठी हजारो संगणक काही महिने राबवावे लागले होते. येथे आपण ज्या कुलपाची कथा सांगत आहोत, त्याची संख्या बाराशेहून अधिक अंकांची होती.

मग ते उघडले कसे? उत्तर असे, की गणिताला कोणी धक्काच लावला नाही. गणित कागदावर राहते. ते प्रत्यक्ष करावयाचे तर यंत्राला राबावे लागते, आणि राबणारा कोणीही आपल्या श्रमाची खूण मागे ठेवतोच. काम कमी असेल तर वेळ कमी लागतो; काम जास्त झाले तर वीज जास्त ओढली जाते. यंत्र तापते, बारीक कुरकुरते, आसमंतात रेडिओसारख्या लहरी सोडते.

आपल्या वाडवडिलांचा कोकणातील तेलाचा घाणा आठवावा. घाणा फिरत असला की त्याची करकर दूरवर ऐकू जाई, आणि शनिवारी ती थांबे. आज या घरी काम बंद आहे, हे कोणी दवंडी पिटून सांगितले नव्हते. घाण्याच्या चालण्या-थांबण्यावरूनच ते गावाला कळले, आणि गावाने आपणास ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. नेमक्या याच प्रकारे यंत्राच्या चालण्या-थांबण्यावरून त्याच्या पोटातील गुपित ओळखण्याच्या विद्येस इंग्रजीत ‘साइड चॅनल’ असे नाव आहे. आम्ही तिला येथे आडवाट म्हणू.

झाकलेली जखम

ही आडवाट आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकन सैन्याचे संदेश गुप्त करणारे एक यंत्र बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ठेवलेले होते. तेथील एका अभियंत्याच्या ध्यानात आले, की या यंत्राने एकेक पाऊल पुढे टाकले, की प्रयोगशाळेच्या दूरच्या कोपऱ्यातील मापनयंत्रावर एक ठिपका उसळतो. ठिपके नीट तपासता संदेशातील मूळ अक्षरेच वाचता येऊ लागली. सैन्याचा प्रथम विश्वास बसेना. तेव्हा बेलच्या माणसांनी न्यूयॉर्कमधील व्हॅरिक रस्त्यावर, सैन्याच्या संदेश-केंद्रासमोरील इमारतीत, सुमारे ८० फूट अंतरावर आपली उपकरणे मांडली. तासभर लहरी टिपल्या, आणि तीन-चार तासांत मूळ मजकुराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अधिकाऱ्यांपुढे ठेवला.

बेलच्या अभियंत्यांनी उपायही सुचविला होता : यंत्राभोवती धातूचे कवच घालावे, तारांवर गाळणी बसवावी. परंतु तो खर्चाचा व खटाटोपाचा वाटल्यामुळे, केंद्राभोवती सुमारे १०० फुटांच्या परिसरावर नजर ठेवावी, एवढी सूचना देऊन सैन्याने विषय संपविला. युद्ध संपले आणि ही गोष्ट विस्मरणात गेली. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला ती नव्याने शोधून काढावी लागली. या साऱ्या हकिकतीचा वृत्तान्त त्या सरकारने जनतेसाठी खुला केला तो २००७ साली, म्हणजे मूळ घटनेनंतर चौसष्ट वर्षांनी.

दुसरे उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासाशी निगडित आहे. १९५६ साली सुएझचे प्रकरण पेटले होते. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातील पीटर राइट यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे, की लंडनमधील इजिप्तच्या वकिलातीत टेलिफोनच्या आडून एक मायक्रोफोन बसविण्यात आला होता. वकिलातीतील कारकून रोज सकाळी गुप्तलेखनाच्या यंत्राची चाके नव्या जागी फिरवी, आणि त्या चाकांची टिकटिक बाहेर ऐकली जाई. काही चाकांची जागा कानाने कळली, की उरलेल्यांचा हिशेब मांडणे सोपे होई. ते पुस्तक प्रसिद्ध होऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने न्यायालयाची पायरी चढली, यावरून अशा गोष्टी झाकण्याची त्यांना किती निकड होती, हे दिसते.

या झाकाझाकीत एक अर्थ होता, हे नाकारता येत नाही. ज्या वाटेने आपण शत्रूचे ऐकतो, ती वाट शत्रूला कळू नये, ही लष्करी दृष्टी आहे. परंतु तिची किंमत कोणी भरली, हेही पाहावे लागते. ज्यांना रहस्य ठाऊक होते त्यांनी आपली यंत्रे कवचात घातली. ज्यांना ठाऊक नव्हते, त्या व्यापारी पेढ्या, इस्पितळे आणि सामान्य माणसे उघड्यावर राहिली. शंभर फुटांवर पहारा ठेवा, ही सूचना छावणीत चालेल. लोदच्या एखाद्या चार मजली इमारतीत शंभर फुटांच्या आत किती बिऱ्हाडे राहतात, हे वाचकांनीच मोजावे.

दाखविलेली जखम

हळूहळू या विद्येवरील पडदा सरू लागला. १९८५ साली विम व्हान एक या डच अभियंत्याने, संगणकाच्या काचेच्या पडद्यावरील अक्षरे शेकडो मीटर अंतरावरून साध्या दूरचित्रवाणी संचाच्या साहाय्याने वाचता येतात, हे प्रसिद्धपणे लिहिले. मात्र गुप्तलेखनाच्या आज्ञावलीलाच हात घालणारा पहिला मोठा लेख आला १९९६ साली. तो पॉल कोखर नावाच्या, जीवशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या एका अमेरिकन तरुणाचा होता.

कोखर यांचे म्हणणे असे. गुप्त किल्ली म्हणजे संगणकाच्या पोटात १ आणि ० या अंकांची एक लांबलचक माळ असते. गणित करताना यंत्र त्या माळेतील एकेक मणी पुढे ओढते. मणी ० चा असला तर एक कृती करावी लागते. १ चा असला तर तीच कृती करून आणखी एक गुणाकार करावा लागतो. साहजिकच १ ला वेळ अधिक लागतो. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला स्वयंपाकघर दिसत नाही. तरी थापण्याचा आवाज आला की भाकरी आणि लाटण्याचा आवाज आला की पोळी, हे त्याला बसल्या जागी उमजते. यंत्राच्या एका मापावरून काही कळत नाही हे खरे. परंतु पुष्कळ संदेशांना लागलेला वेळ टिपून ठेवला आणि त्यांची तुलना केली, तर माळेतील मणी एकामागून एक उघडे पडतात.

यानंतर दारे भराभर उघडत गेली. १९९९ साली कोखर, जॅफ आणि जुन या तिघांनी स्मार्ट कार्डाने ओढलेल्या विजेच्या चढउतारावरून आतील किल्ली काढता येते, हे मांडले. २००३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील ब्रमली आणि बोने यांनी दाखविले, की यंत्राजवळ जाण्याचीही गरज नाही. संगणकांच्या जाळ्यातून उत्तर यावयास किती वेळ लागतो, एवढे मोजणेही पुरते. २००५ च्या सुमारास ओस्विक, शामीर आणि ट्रोमर यांनी, एकाच संगणकावर चालणारी एक आज्ञावली दुसरीच्या स्मृतीतील हालचालीचा अंदाज घेऊन तिची किल्ली कशी मिळवू शकते, हे सिद्ध केले. त्यांच्या एका प्रयोगात त्यासाठी लागलेली मोजणी होती अवघी ६५ मिलिसेकंदांची. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो.

आता आरंभी उल्लेखिलेल्या प्रयोगाकडे वळू. डॅनिएल गेन्किन, आदी शामीर आणि एरन ट्रोमर यांनी डिसेंबर २०१३ मध्ये तो जाहीर केला. संगणकाला योग्य दाबाची वीज पुरविणारे जे भाग असतात, ते विजेची मागणी कमीजास्त होताच सूक्ष्म कंप पावतात आणि त्यातून एक बारीक किरकिर निघते. ती बहुतांशी मानवी कानास ऐकू येत नाही. पंख्याचा घरघराट तिला झाकीत नाही, कारण तो खालच्या पट्टीतला असल्याने गाळून टाकता येतो. संशोधकांनी ‘जी. एन. यू. प्रायव्हसी गार्ड’ या प्रसिद्ध आणि विनामूल्य आज्ञावलीकडे मुद्दाम घडविलेले संदेश पाठविले. ते उलगडताना यंत्र कसे किरकिरते, हे त्यांनी ऐकले, आणि तासाभरात बाराशेहून अधिक अंकांच्या कुलपाची पूर्ण किल्ली हस्तगत केली. संगणकाशेजारी सुमारे ३० सेंटिमीटरवर ठेवलेला साधा मोबाईल या कामी पुरला. संवेदनशील मायक्रोफोन असल्यास ४ मीटर अंतरही चालले. ज्या शामीर यांनी १९७७ मध्ये हे कुलूप घडविण्यात भाग घेतला, तेच छत्तीस वर्षांनी त्याला कान लावून बसले होते, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आपल्या हातच्या कामाची अशी पारख करणारे कारागीर थोडे असतात.

पुढच्याच वर्षी गेन्किन, पिपमन आणि ट्रोमर यांनी संगणकाच्या धातूच्या अंगाला नुसता हात लावून, म्हणजे आपल्याच देहातून विजेचा सूक्ष्म चढउतार मोजून, किल्ली काढली. उन्हाळ्यात घामेजलेल्या बोटांनी हे काम अधिक चांगले होते, अशी नोंद त्यांनी केली आहे. २०१५ साली तेल अवीव विद्यापीठातील गटाने पिटा पावात मावेल एवढे उपकरण बनविले. ते अर्ध्या मीटरवरून काही सेकंदांत किल्ली टिपत असे. बाजारातील साध्या रेडिओनेही तो प्रयोग साधला. २०२३ साली बीरशेबाच्या बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी तर कार्ड वाचणाऱ्या यंत्रावरील लुकलुकत्या दिव्याचे १६ मीटरवरून चित्रीकरण केले, आणि दिव्याच्या तेजातील फरकावरून किल्ली शोधली.

चोराला वाट दाखविली काय?

येथे कोणताही विचारी वाचक विचारील : हे सारे छापून जगापुढे कशाला मांडावयाचे? चोरांना हा आयता धडा नव्हे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

२०१३ च्या प्रयोगाचा क्रम पाहिला, तर त्याचे उत्तर मिळते. संशोधकांनी आपला शोध प्रथम वृत्तपत्रांकडे नेला नाही. त्यांनी तो त्या आज्ञावलीच्या निर्मात्यांना कळविला, दुरुस्ती कशी करावी याचा विचार त्यांच्यासह केला, आणि लेख व दुरुस्त आज्ञावली एकाच वेळी लोकांच्या हाती पडतील, अशी व्यवस्था केली. हाच क्रम त्यांनी पुढील प्रयोगांतही पाळला. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांचे दोष जाहीर झाले, तेव्हा ते जगातील बहुतेक संगणकांच्या हृदयातच आहेत, असे आढळले. ‘स्पेक्टर’ शोधणाऱ्यांत कोखर आणि गेन्किन हे दोघेही होते. ती बातमी निर्मात्यांना २०१७ च्या मध्यासच देण्यात आली होती. दुरुस्तीसाठी त्यांना सुमारे सहा महिन्यांचा अवधी मिळाला.

म्हणजे येथेही काही काळ मौन पाळले गेले. परंतु या मौनाला मुदत होती, आणि मुदतीअखेर दुरुस्ती हजर होती. १९४३ च्या मौनाला मुदत नव्हती आणि दुरुस्ती मूठभरांपुरतीच होती. दोहोंतील हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. दोष सांगणाऱ्याने दोष निर्माण केलेला नसतो. तो आधीच तेथे असतो, आणि हेरगिरी हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांना तो बहुधा आपल्याआधी ठाऊक असतो.

दुरुस्तीचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. एक उपाय असा, की किल्लीतील अंक ० असो वा १, यंत्राने दोन्ही वेळी सारखेच श्रम करावेत आणि अनावश्यक उत्तर टाकून द्यावे. म्हणजे बाहेरून ऐकणाऱ्याला भाकरी आणि पोळी यांत फरक कळत नाही. दुसरा उपाय असा, की संदेश उलगडण्यापूर्वी त्यास मनास येईल त्या एका संख्येने वेषांतर करावयास लावावे, गणित झाल्यावर तो वेष उतरवावा. मग शत्रूने मुद्दाम घडवून पाठविलेला मजकूर यंत्रापुढे मूळ रूपात येतच नाही, आणि यंत्राच्या किरकिरीतून त्यास काही बोध होत नाही. या उपायांना किंमत पडते. यंत्राला जास्त राबावे लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर काही संगणक मंदावलेही. तथापि चोख व्यवहारासाठी थोडा अधिक वेळ मोजणे आपल्या समाजास नवे नाही.

आपण काय करावे?

हे वाचून कोणी मोबाईल पेटीत घालून ठेवू नये, की शेजारी बसलेल्याच्या हातातील यंत्राकडे संशयाने पाहू नये. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग अंतर, शांतता, यंत्राची पूर्ण माहिती आणि पुष्कळ कौशल्य मागतात. तुमच्या-आमच्या बँकेतील शिल्लक लुटू पाहणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. तो सरळ दूरध्वनी करतो, बँकेतून बोलत असल्याची बतावणी करतो आणि मोबाईलवर आलेला अंक विचारून घेतो. तेव्हा असा अंक कोणासही, कितीही गोड शब्दांत मागितला तरी, सांगू नये, हा पहिला नियम.

दुसरा नियम या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. आपल्या मोबाईलवर अधूनमधून नवी दुरुस्ती आल्याची सूचना झळकते. पुष्कळ वडीलधारी मंडळी ती पाहून धास्तावतात; काहीतरी बिघडेल या भीतीने ‘नंतर’ हे बटण दाबतात, आणि ते नंतर कधीच येत नाही. वाचकांनी ध्यानात घ्यावे, की दोष जाहीर झाल्यानंतर ज्याने दुरुस्ती घेतली नाही, तोच खरा उघड्यावर राहतो. कारण आता वाट सर्वांना माहीत झालेली असते. उघडपणाची ही पद्धत तेव्हाच फळते, जेव्हा आपण आपल्या वाट्याचे काम करतो. सूचना आली, की ती खुद्द यंत्राच्या व्यवस्थेतूनच आली आहे, एवढी खात्री करून ती स्वीकारावी. कोणी संदेशातून पाठविलेल्या दुव्यावरून कदापि घेऊ नये. वाचणे जड जात असल्यास मुलांना वा नातवंडांना हाक मारावी. ज्या जुन्या मोबाईलसाठी निर्मात्याने दुरुस्ती देणे थांबविले आहे, त्यावर बँकेचा व्यवहार ठेवू नये.

आणि घरात शिकणारी मुले असतील, तर त्यांना ही कथा अवश्य सांगावी. रेहोवोत आणि बीरशेबा आपल्या वस्त्यांपासून दूर नाहीत. तेथील प्रयोगशाळांत बसून यंत्राची कुरकुर ऐकणारी माणसे पुढेही लागतील, आणि ती आपल्याही घरांतून का येऊ नयेत, असे आम्ही विचारतो.